ट्रकचा अपघात: चूक कुणाची, भरपाई कुणाकडून

रस्त्यावर जमलेल्या गर्दीचा न्याय सोपा असतो. मोठी गाडी दोषी. दुचाकी आणि कार भिडली तर कारवाला, कार आणि ट्रक भिडला तर ट्रकवाला. दुसऱ्या दिवशी बातमीत 'चालकाचे नियंत्रण सुटल्याने' एवढं छापून येतं आणि विषय मिटतो. कायद्याच्या नजरेत मात्र गाडीच्या आकाराला किंमत नाही, आणि नियंत्रण सुटणं हे कारण नसून परिणाम असतो. ते सुटायची तयारी बहुतेक वेळा पाच-सहा तास आधी, माल भरताना, मालकाच्या ऑफिसात किंवा गॅरेजात झालेली असते.

अपघातानंतर तीन प्रश्न वेगवेगळे सोडवले जातात: गुन्हा कुणावर, निष्काळजीपणा कुणाचा आणि पैसे कोण देणार. तिन्हींची उत्तरं एकच असतील असं नाही. ड्रायव्हरवर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली गुन्हा दाखल होतो (पाच वर्षांपर्यंत शिक्षा), मोटार अपघात दावा न्यायाधिकरण निष्काळजीपणा साठ-चाळीस असा वाटून टाकतं, आणि भरपाई विमा कंपनी भरून नंतर मालकाकडून वसूल करते. हे सगळं एकाच अपघातात घडू शकतं. त्यामुळे पुढे प्रत्येक कारणासोबत ते कुणाच्या अंगावर येतं तेही लिहिलं आहे.

अंधारात उभी गाडी

मराठवाड्यापुरतं बोलायचं तर सगळ्यात आधी हेच घ्यावं लागतं. लातूर, धाराशिव, बीड, परभणी, नांदेड या जिल्ह्यांत गाळप सुरू झालं की मार्चपर्यंत रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे लोंबणारा ऊस, टेललाइट एक तर नाही, नाही तर पाचटाखाली झाकलेला. त्यात पंक्चर झालेली ट्रॉली जॅक लावून रस्त्यातच उभी. ट्रकचंही तसंच. धुळे-सोलापूर महामार्गावर ढाब्यासमोर अर्धी गाडी साइडपट्टीवर आणि अर्धी डांबरावर उभी करून जेवायला जाणं अगदी नेहमीचं.

ही गोष्ट जीवघेणी का ठरते ते आकड्यांत पाहा. ताशी १०० किलोमीटरने येणारी कार सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे डोक्यात शिरून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरा, म्हणजे ४२ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारला तरी थांबायला आणखी ५५ मीटर लागतात. एकूण शंभराच्या आसपास. डिपरवर (खाली झुकवलेल्या) हेडलाइटमध्ये काळपट, बिनचमकीची वस्तू दिसते ती ४०-५० मीटरवरून. म्हणजे ड्रायव्हर जागा आहे, प्यालेला नाही, मोबाइलवर नाही, तरी धडक होणारच. हेच गणित ६० च्या वेगाला ४५ मीटरवर येतं, म्हणजे जेमतेम.

उपाय महागडा नाही. ज्याला सगळे रेडियम म्हणतात ती परावर्तक टेप हेडलाइटच्या उजेडात दीडशे-दोनशे मीटरवरून चमकते. नियमाप्रमाणे पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. मागची लाल पट्टी फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या दाराच्या) पूर्ण रुंदीभर हवी, म्हणजे येणाऱ्याला गाडी किती रुंद आहे तेही कळतं. नुसते दोन गोल स्टिकर चिकटवले तर लांबून ती मोटारसायकल वाटते. रस्त्याकडेला मिळणारं स्वस्त रेडियम एका पावसाळ्यात फिकं पडतं. प्रमाणित टेपवर मानकाची खूण छापलेली असते, ती बघून घ्यावी. आणि टेप पुसावी लागते. डिझेलचा धूर आणि काळ्या मातीचा थर बसला की असून नसल्यासारखी.

मागचा आडवा लोखंडी बार हाही असाच दुर्लक्षित भाग. त्याची खालची कड जमिनीपासून ५५ सेंटिमीटरपेक्षा वर नसावी. ट्रकचा हौदा माणसाच्या छातीइतक्या उंचीवर असतो. बार नसेल तर कारचं बॉनेट खाली शिरतं आणि हौद्याची कड थेट पुढच्या काचेवर, डोक्याच्या उंचीला येते. एअरबॅग आणि सीटबेल्ट दोन्ही निकामी, कारण धडक बॉनेटला लागलेलीच नसते. माल चढवताना अडचण होते म्हणून बार वाकवून वर केलेले किंवा कापून टाकलेले ट्रक जालना-वाळूजच्या एमआयडीसीत सर्रास दिसतात. धडकेनंतर असा बार गायब आढळला तर मालकाला बचावाला फारसं काही उरत नाही.

गाडी बंद पडली तर क्रम असा. शक्य असेल तर नुसती डावीकडची चाकं नव्हे, अख्खी गाडी डांबराबाहेर घ्या. चारही इंडिकेटर लावा. बॅटरी बसली असेल तर क्लीनरला टॉर्च देऊन गाडीपासून बऱ्याच मागे, रस्त्याच्या बाहेर उभं करा. इशाऱ्याचा लाल चमकता त्रिकोण गाडीला टेकवून ठेवण्यात अर्थ नाही. वरचं गणित धरलं तर चौपदरी रस्त्यावर तो किमान १०० मीटर मागे हवा, आणि वळण किंवा चढाचा माथा मध्ये असेल तर त्याच्याही अलीकडे. दगड आणि बाभळीच्या फांद्या लावायची आपल्याकडे जुनी रीत आहे. दगड लावणारा गाडी सुरू झाली की निघून जातो आणि तासाभराने एखादा मोटारसायकलवाला त्याच दगडावर पडतो. तो अपघातही दगड ठेवणाऱ्याच्याच खात्यात जातो, फक्त तो सापडत नाही.

आता चूक कुणाची. 'मागून धडकला तो दोषी' हे अर्धंच खरं. सर्वोच्च न्यायालयाचे २०१८ चे दोन निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. एकात रात्री रस्त्यात, दिवे न लावता उभ्या असलेल्या गॅस टँकरवर कार आदळली होती. तिथे दोष टँकरचा धरला गेला. दुसऱ्यात चालत्या ट्रकमागे कार दहा-पंधरा फुटांवरून जात होती, ट्रक अचानक थांबला आणि कार धडकली. तिथे पुरेसं अंतर न ठेवणाऱ्या कारचालकाचा निष्काळजीपणा ठरला. म्हणजे न्यायाधिकरण विचारतं ते एवढंच: गाडी उभी होती की चालती, चाकं डांबरावर होती की बाहेर, दिवे-टेप होते का, आणि मागच्याने ब्रेक मारल्याच्या टायरच्या खुणा आहेत का. खुणा अजिबात नसतील तर मागचा झोपेत होता किंवा त्याचं लक्ष नव्हतं, हा निष्कर्ष निघतो आणि वाटणी बदलते.

माल: किती आणि कसा

गाडीत किती टाकायचं हे आरसीवर लिहिलेलं असतं. २०१८ च्या जुलैमध्ये केंद्राने एक्सलवरचं परवानगीचं वजन वाढवलं, त्यानंतरच्या गाड्यांत साधारणपणे दहा चाकी २८ टन, बारा चाकी ३५, चौदा चाकी ४२ असं एकूण वजन येतं. हे गाडीसकट आहे. निव्वळ माल त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा जाता. जुन्या गाडीच्या आरसीवर जुना आकडा असेल तर तोच लागू. 'आता वाढवून मिळालंय' हा युक्तिवाद वजनकाट्यावर चालत नाही.

जादा वजनाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार असा दंड आहे. पाच टन जास्त म्हणजे ३० हजार, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा, तोही स्वखर्चाने. काट्यावर जायला नकार दिला तर ४० हजार. या कलमातले शब्द 'जो चालवतो' एवढेच नाहीत. 'जो चालवायला लावतो किंवा चालवू देतो' तोही त्यात येतो. ड्रायव्हर मालक नसेल तर जादा वजन मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने भरलं होतं असं न्यायालय गृहीत धरू शकतं. म्हणून 'ड्रायव्हरने वाटेत भरलं असेल' म्हणणाऱ्या मालकाला ते सिद्ध करावं लागतं.

पण दंडापेक्षा महत्त्वाचं आहे ते वजन कुठे बसलंय. माल मागच्या एक्सलच्याही मागे ढीग करून भरला की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग पोकळ लागतं आणि ओल्या रस्त्यावर गाडी वळायला ऐकत नाही. एका बाजूला जास्त भरला की त्या बाजूचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसतात. उंच भरला की वळणावर गाडी कलंडते. १०० मीटर त्रिज्येच्या वळणावर ४० ऐवजी ६० ने गेलं तर बाहेर ढकलणारा जोर दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो. रिकाम्या गाडीत हे चालून जातं म्हणून ड्रायव्हरला सवय लागते, आणि भरलेल्या गाडीला तीच सवय उलटवते.

परभणी-सेलू-मानवत पट्ट्यातला सुटा कापूस हे याचं ठळक उदाहरण. वजन कमी, पण घेर अवाढव्य. गाडीची कमाल रुंदी २.६ मीटर आणि दुपदरी रस्त्याची एक लेन साधारण ३.५ मीटर, दोन्हीकडे फुगलेला कापूस अख्खी लेन भरून टाकतो, आरशात मागचं काही दिसत नाही आणि समोरून येणाऱ्या दुचाकीला साइडपट्टीवर उतरावं लागतं. बाजूला किंवा मागे बाहेर आलेल्या मालाला वेगळा २० हजारांचा दंड आहे, त्यात वजन किती हे विचारलंही जात नाही.

जालन्याची सळई ही दुसरी गोष्ट. बारा-बारा मीटरचे बंडल नुसत्या दोराने बांधून चालत नाहीत. लोखंडावर लोखंड घसरतं. करकचून ब्रेक लागला की ट्रेलर थांबतो, सळई थांबत नाही, ती केबिन फोडून पुढे येते. ट्रेलरच्या पुढच्या टोकाला भक्कम आडवी भिंत हवी, बंडलांखाली लाकडी ओंडके हवेत, आणि साखळीला टेन्शनर लावून निघाल्यावर पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबून पुन्हा ताणायला हवं, कारण धक्क्यांनी बंडल बसतात आणि साखळी सैल पडते. टोकं गाडीच्या मागे बाहेर येता कामा नयेत, लाल कापड किंवा दिवा लावला म्हणून वरचा दंड टळत नाही. अशा अपघातात बांधणी कुणी केली हा प्रश्न आला की कारखाना ट्रान्सपोर्टकडे बोट दाखवतो, ट्रान्सपोर्ट हमालांकडे. न्यायाधिकरणासमोर मुख्यतः चालक, मालक आणि विमा कंपनी उभे राहतात. मालकाने कारखान्याकडून वसूल करायचं असेल तर त्याला बिल्टी (मालवाहतुकीची पावती), काट्याची पावती आणि भरल्यानंतरचे फोटो लागतील, आणि ते जपून ठेवणारे मालक फारच थोडे.

'ब्रेक फेल झाला' हे उत्तर पुरेसं नाही

पोलिसांत हा जबाब नेहमीचा. कायदा पुढचा प्रश्न विचारतो: का झाला? ब्रेक निकामी होणं हा मालकाचा बचाव होऊ शकतो, पण दोष आतला होता, नेहमीच्या देखभालीत सापडण्यासारखा नव्हता, आणि देखभाल खरोखर होत होती हे मालकाने दाखवायचं असतं. गॅरेजची बिलं नाहीत, तर बचावही नाही. अपघातानंतर आरटीओचा मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासतो. लायनर (ब्रेकचं घासणारं अस्तर) रिव्हेटपर्यंत घासलेला असेल तर ती 'अचानक' घटना नव्हती हे त्याच्या अहवालातच येतं.

एअर ब्रेक एकदम जात नाहीत, हळूहळू जातात. लायनर झिजतो, मग ब्रेक चेंबरच्या पुशरॉडला (हवेने ढकलल्या जाणाऱ्या दांड्याला) जास्त लांब जावं लागतं, स्लॅक ॲडजस्टर (हे अंतर जुळवणारा भाग) वेळेत सेट केला नाही तर दांडा शेवटच्या टोकाला पोहोचतो तरी लायनर ड्रमला नीट दाबत नाही. हबची सील फुटून ग्रीस लायनरवर आलं की ते चाक ब्रेक मारत नाही आणि गाडी एका बाजूला ओढते. टाकीत पाणी साचलं की व्हॉल्व्ह गंजतात. रोजची तपासणी दहा मिनिटांची आहे: टाकीचा ड्रेन उघडून पाणी काढा. इंजिन चालवून हवा पूर्ण भरू द्या, सात-आठ बारपर्यंत (बार हे हवेच्या दाबाचं माप). इंजिन बंद करून ब्रेक पूर्ण दाबून धरा आणि मीटर बघा. मिनिटभरात पाव बारपेक्षा जास्त उतरलं तर कुठेतरी गळती आहे, कानाने ऐकत फिरा. मग हळू चालवून एकदा ब्रेक मारा आणि गाडी सरळ थांबते का पाहा.

घाटातलं प्रकरण वेगळं. मांजरसुंबा, तुळजापूर किंवा कन्नडचा औट्रम घाट, कुठलाही घ्या. २८ टनांची गाडी २०० मीटर उंचीवरून खाली येते तेव्हा तिच्या वजनातून जी ऊर्जा निघते तिच्यात सुमारे १७५ लीटर साधं पाणी उकळीला येईल. ब्रेकवरच उतरलं तर ही सगळी उष्णता ड्रममध्ये जाते. ड्रम तापून फुगतो, लायनर गुळगुळीत होतो, पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. त्यासाठी इंजिनला काम द्यावं लागतं: ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, गिअर माथ्यावरच टाकायचा, एक्झॉस्ट ब्रेक चालू ठेवायचा, आणि पायाचा ब्रेक अधूनमधून जोरात मारून सोडायचा, सतत टेकवून ठेवायचा नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे अजून आहेत. डिझेलवर बक्षीस देणारे मालकच त्यांना ती सवय लावतात, त्यामुळे एकट्या ड्रायव्हरला शिव्या देण्यात अर्थ नाही.

टायरबद्दल थोडक्यात. मे महिन्यात समृद्धीच्या काँक्रीटवर कमी हवेचा टायर फुटतो तो उन्हाने नव्हे, कडा सतत वाकून आतून तापल्याने. जोड टायरमधला एक बसला तर दुसरा दुप्पट वजन उचलतो आणि बाहेरून कळत नाही, म्हणून दर थांब्याला दोन्हींवर लोखंडी दांडा मारून आवाज ऐकायचा. हवा थंड टायरमध्ये मोजायची. तापलेल्या टायरमधून हवा सोडायची नाही. रिमोल्ड (जुन्यावर नवी नक्षी चढवलेला टायर) पुढच्या चाकाला नको. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्यानेही टायर बाद.

झोप

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) हिशोब घालून दिला होता: दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. प्रत्यक्षात पगार खेपेवर, म्हणून दिवस मोजतो कोण? पहाटे दोन ते पाच ही वेळ वाईट, कारण शरीराचं घड्याळच तेव्हा बंद पडायला बघतं. चहा, तंबाखू, मोठ्याने गाणी यांनी डोळे उघडे राहतात, मेंदू नाही. सरळसोट रस्त्यावर दोन-तीन सेकंदांची डुलकी लागल्याचं ड्रायव्हरला आठवतही नाही. ८० च्या वेगाला तेवढ्यात गाडी ४५ ते ६५ मीटर जाते. वीस मिनिटांची झोप हा एकच उपाय, तोही गाडी महामार्गाच्या बाहेर नेऊन. साइडपट्टीवर नाही.

यातून दुसरा धोका जन्मतो. ड्रायव्हर दमला की क्लीनर स्टिअरिंगवर बसतो. लायसन नाही, किंवा आहे ते मोटारसायकलचं. अपघात झाला तर विमा कंपनी तिऱ्हाइताला भरपाई देईल, पण ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याचा अधिकार तिला न्यायाधिकरण देऊ शकतं. बनावट लायसनचंही तसंच. मात्र मालकाने नोकरीवर ठेवताना लायसन तपासलं होतं हे दाखवता आलं तर त्याची बाजू टिकते. परिवहन पोर्टलवर नंबर टाकून पाहायला दोन मिनिटं लागतात आणि त्याचा स्क्रीनशॉट फाइलला लावला की झालं. हलक्या वाहनाच्या लायसनवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे छोटा टेम्पो त्या लायसनवर चालवला म्हणून कंपनी हात वर करू शकत नाही.

फास्टॅगच्या वेळा इथे बोलक्या ठरतात. दोन टोलनाक्यांमधलं अंतर आणि वेळ धरली की सरासरी वेग निघतो, आणि चोवीस तासांच्या नोंदी लावल्या की ड्रायव्हरला झोप मिळाली होती की नाही याचाही अंदाज येतो. मालवाहू वाहनांना चौपदरीवर ८० आणि साध्या रस्त्यावर ६० ची मर्यादा आहे.

रस्ता

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. डांबराच्या कडेला साइडपट्टी खचून चार-सहा इंचांची पायरी तयार होते. डावं चाक त्या पायरीखाली उतरलं की ड्रायव्हर घाबरून उजवीकडे स्टिअरिंग खेचतो, चाक कड चढताना झटका बसतो आणि गाडी थेट समोरच्या लेनमध्ये जाते किंवा उलटते. अशा वेळी वेग कमी होईपर्यंत सरळच जाऊ द्यायचं, मग हळूच वर घ्यायचं. दुसरा प्रकार दुभाजक फोडून केलेल्या वाटांचा: शेत एकीकडे, गाव दुसरीकडे, अधिकृत वळण दोन किलोमीटरवर. ट्रॅक्टर उलट्या दिशेने येतो किंवा तोडलेल्या दुभाजकातून अचानक आडवा होतो.

सदोष रचना किंवा देखभालीसाठी ठेकेदार, सल्लागार आणि रस्त्याची यंत्रणा यांना मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८अ खाली एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ही तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आली. ती रक्कम सरकारी निधीत जाते, कुटुंबाला नाही, तरी पंचनाम्यात कड खचल्याचं, दुभाजक फोडल्याचं, किलोमीटरच्या दगडाचं नाव घालून लिहून घ्यावं. नाही तर सगळा दोष दोन ड्रायव्हरांत वाटला जातो.

पैशाचा हिशोब

मयत स्वतः काही अंशी दोषी असेल तर त्याच्या वाट्याइतकी भरपाई कापली जाते. दोष दोन गाड्यांचा आणि मयत तिऱ्हाईत (कारमधला प्रवासी, पादचारी) असेल तर कपात नाही. कुटुंब दोघांपैकी कुणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतं, आपापसातली वाटणी त्या दोघांनी नंतर करायची. हा फरक कळला नाही म्हणून चुकीचे दावे दाखल होतात. आणखी एक: दुचाकीवर तिघे होते किंवा लायसन नव्हतं, एवढ्याने कपात होत नाही. त्यामुळेच अपघात घडला हे समोरच्याने सिद्ध करावं लागतं.

ढोबळ उदाहरण घ्या. ३५ वर्षांचा शेतकरी, महिन्याला १५ हजार उत्पन्न, मागे बायको, दोन मुलं, आई. वर्षाचे १,८०,०००. स्वयंरोजगार आणि वय चाळिशीच्या आत म्हणून भावी वाढीचे ४० टक्के मिळवले की २,५२,०००. चार अवलंबित असल्याने त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी पाव भाग वजा, राहिले १,८९,०००. वयाप्रमाणे गुणक १६, म्हणजे ३०,२४,०००. यावर अंत्यविधी, सहजीवन वगैरेच्या ठरावीक रकमा. त्याचा दोष ३० टक्के धरला गेला तर या मुख्य रकमेतून ९,०७,२०० जातात. पंचनाम्यातल्या एका ओळीची किंमत नऊ लाख असू शकते ती अशी. उत्पन्नाचा पुरावा म्हणून सातबाऱ्यासोबत आडतीच्या पट्ट्या आणि बँक पासबुक जोडा. नुसत्या तोंडी आकड्यावर न्यायाधिकरण कमी उत्पन्न धरतं.

दोष सिद्ध करत बसायचं नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख असा ठरलेला मार्ग आहे. गाडी पळून गेली असेल तर मृत्यूला २ लाख, गंभीर जखमीला ५० हजार. उपचारासाठी २०२५ पासून प्रत्येक जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाची कॅशलेस सोय आहे, ती दवाखान्यात आठवण करून द्यावी लागते.

ऊसतोडीच्या टोळ्यांबाबत वेगळं सांगायला हवं. मालट्रकमध्ये मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी बसला असेल तर विम्याचं संरक्षण आहे. फुकट किंवा भाडं देऊन बसलेल्या प्रवाशाला नाही. मुकादमाने भांडीकुंडी आणि माणसं एकाच ट्रकमध्ये कोंबून नेली आणि गाडी उलटली, तर विमा कंपनी पहिला वाद हाच घालते. टोळीच्या सामानाची बिल्टी नावानिशी असेल तर बाजू सावरता येते. टोळीसाठी बस करणं हे अर्थातच सर्वांत बरं. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामासाठी घेतलेला आणि वापर कारखान्याच्या भाड्यावर, असंही असतं, शिवाय ट्रॉलीची नोंदणी आणि विम्यात उल्लेख दोन्ही नसतं. मग भरपाई थेट मालकाच्या शेतावर येऊन थांबते.

दावा अपघात जिथे झाला तिथेच करावा लागतो असं नाही. कुटुंब राहतं त्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही करता येतो. म्हणजे कोल्हापुरात किंवा बेळगावात गेलेल्या माणसासाठी बीडमधून दावा लढता येतो. मुदत अपघातापासून सहा महिने आहे, तिच्या भरवशावर दिवसकार्याचे महिने घालवू नका. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. त्याची प्रत मागून घ्या. 'मिटवून टाकू' म्हणत स्टॅम्पपेपरवर रोख घेणं टाळा, कारण मृत्यूचा गुन्हा तडजोडीने मिटणारा नाही आणि भरपाई कमी पदरात पडते. तडजोडच करायची तर लोकअदालतीत करा.

जागेवर पहिल्या तासात: १०८ ला फोन, राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३. मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही. गाड्या हलवण्याआधी टेललाइट, टेप, मागचा बार, टायरच्या खुणा (पावलं टाकून अंतर मोजा), माल आणि रस्त्याची कड यांचे फोटो. ढाब्याच्या आणि पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, ते त्याच आठवड्यात पोलिसांना लेखी मागायला लावा.

आणि ट्रक विकताना. बाँडवर लिहून, फॉर्मवर सही करून गाडी देऊन टाकायची आणि नाव नंतर बदलू, हा व्यवहार सगळीकडे चालतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे की नोंदणीत ज्याचं नाव तोच भरपाईसाठी मालक, गाडी मधे कितीही हातांतून गेलेली असो. विम्याचा हप्ता नव्या माणसाने भरलेला नसेल तर नोटीस तुमच्या घरी येते. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० त्याच दिवशी द्या, राज्यातल्या राज्यात १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवा, आणि नाव बदलल्याची नोंद पोर्टलवर दिसेपर्यंत शेवटचे काही पैसे हातात राखून ठेवा.